जुन्या एअर रायफलचे सुटे भाग जमवताना: नागपुरातला माझा अनुभव

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून तिनं नेमबाजीचा ध्यास घेतला. त्यांचा प्रकार पन्नास मीटरचा, पण सुरुवात बहुतेकांची एअर रायफलवरच होते. क्लबच्या रायफलवर काही महिने सराव झाल्यावर सरांनी सांगितलं, "ताई, आता हिला स्वतःची पाहिजे." नव्या जर्मन रायफलची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती. खेळ सोडलेल्या पुण्याच्या एका नेमबाजाकडून आम्ही जुनी रायफल घेतली. नळी उत्तम, ट्रिगर लोण्यासारखा. पण दाबाखालची हवा साठवणाऱ्या सिलिंडरची मुदत संपलेली, भरायच्या जागी हवा गळत होती, बट प्लेट (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) माझ्या मुलीच्या खांद्याला आखूड पडत होती आणि मागच्या साइटला, म्हणजे नेम धरायच्या चकतीला, आयरिस (भोक लहानमोठं करणारी झडप) नव्हती. हे सगळं विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं आणि किंमतही त्याच हिशेबानं लावली होती. आता भाग जमवायचे होते, तेही नागपुरात बसून.

आधी कायद्याचं, कारण पहिल्याच दिवशी घरातल्या मोठ्यांनी तेच विचारलं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत भोक असलेली नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलचा पेलेट, म्हणजे छोटी गोळी, साधारण अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. हिशेब केला तर सात-साडेसात जूलच भरतात. म्हणजे आम्ही मर्यादेच्या खूप आत. पण भाग शोधायला लागल्यावर फोनवर भलतंसलतं गळ्यात मारणारे भेटतात. एकानं मोठ्या भोकाच्या नळीचा जोड सुचवला, दुसऱ्यानं "आवाज कमी करायचं नळकांडं देतो" म्हणून गळ घातली. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणारं साधन बंदुकीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. दहा मीटरच्या खेळाला त्याचा काडीचा उपयोग नाही. असं बोलणाऱ्याचा फोन मी तिथंच ठेवते आणि नंबर ब्लॉक करते. पालकांनीही तेच करावं, अगदी मुलांसमोर.

सिलिंडरनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. या सिलिंडरवर बनवल्याचा महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. आमच्या रायफलच्या कंपनीनं वापराची मुदत दहा वर्षांची दिलेली आहे. मुदतीतला सिलिंडर लावणं ही स्पर्धेच्या नियमानं नेमबाजाची जबाबदारी असते आणि उपकरण तपासणीत तो अडकू शकतो. पण मला तपासणीपेक्षा दुसरीच काळजी होती. आत २०० बार दाब असतो. आपल्या कारच्या चाकात सव्वादोनच्या आसपास असतो. त्याच्या जवळजवळ नव्वद पट दाब मुलीच्या गालाखाली हातभर अंतरावर.

मुंबईच्या एका विक्रेत्यानं "सेम फिटिंग" म्हणून एक सिलिंडर पाठवला. आटे जुळत होते, चकाकी होती, पण ना तारीख, ना दाबाचा आकडा, ना बनवणाऱ्याचं नाव. सरांनी तो हातात फिरवून पाहिला आणि परत खोक्यात ठेवला. आम्ही तो परत पाठवला. पैसे मिळायला बराच पाठपुरावा करावा लागला. गंमत म्हणजे देशभरच्या गॅस सिलिंडरांच्या सुरक्षेचे नियम ज्या संस्थेच्या हातात आहेत, त्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सला आहे. त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं गेले असेन. कोरलेल्या खुणांना किती अर्थ असतो ते आता कळलं. शेवटी रायफलच्या पुस्तिकेतला सुट्या भागांचा नकाशा काढला, त्यातला भाग क्रमांक लिहून अधिकृत वितरकाकडे मागणी नोंदवली आणि आगाऊ पैसे भरले. "अमुक मॉडेलचा सिलिंडर" असं लिहून चालत नाही. एकाच मॉडेलमध्ये लांब आणि आखूड असे दोन सिलिंडर असतात आणि त्यांनी रायफलचा तोल बदलतो. क्रमांक लिहिला की फोनाफोनी निम्म्यावर येते.

तो येईपर्यंत गळतीचं पाहायचं होतं. मी इतवारीत ओ-रिंगच्या, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या, दुकानात गेले. भिंतभर डबे, प्रत्येकावर नंबर. दुकानदार काकांनी व्हर्नियरनं माप घेतलं आणि हुबेहूब रिंग काढून दिली. मग विचारलं, "ताई, ही कशाला पाहिजे? पंपाले?" मी सांगितल्यावर त्यांनी ती परत डब्यात टाकली. "ही सत्तर शोअरची आहे जी. इतक्या प्रेशरले नव्वदची लागते, अन् मटेरियलही पाहा लागते." शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप. विकली असती तरी मला कळलं नसतं. मूळ सीलचा संच वितरकाकडूनच मागवला आणि बसवायचं काम सरांच्या ओळखीच्या जाणकार मेकॅनिककडे दिलं. त्यानं सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात फिरवला. शिलाई मशीनचं किंवा दुसरं खनिज तेल या जागी कधीच घालायचं नाही, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना मी बजावून सांगितली आहे.

गळती आहे की नाही हे पाहतानाही नागपूरचा उन्हाळा आड येतो. मेमध्ये ४५ अंशांत काटा २०० दाखवत असेल, तर रात्री एसीच्या खोलीत २५ अंशांवर तोच १८७-१८८ वर येतो. एक थेंबही हवा न गळता. म्हणून सरांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही वेळचा आकडा एकाच खोलीत, एकाच तापमानाला घ्यायचा आणि मध्ये निदान एक रात्र जाऊ द्यायची. भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवून बर्डीच्या बाजारात खरेदीला जाणं आमच्या घरी पूर्ण बंद आहे.

बट प्लेटचं काम मात्र हिंगणा एमआयडीसीत झालं आणि काय सुंदर झालं! लांबी वाढवायला मध्ये घालायचा परदेशी स्पेसर मागवायचा तर खर्चही जास्त आणि वाटही पाहायची. सरांनी मुलीला रायफल धरून उभं केलं आणि किती मिलिमीटर कमी पडतं ते पट्टीनं मोजलं. मी बट प्लेटच्या आकाराचा पुठ्ठा कापून लेथवाल्या दादांकडे नेला. त्यांनी पुठ्ठ्यावर विश्वास न ठेवता प्लेटच मागितली, दोन भोकांमधलं अंतर तीनदा मोजलं, ॲल्युमिनियमचा तुकडा घासून मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, "धार लागते का पाह." लागत होती. पुन्हा घासला. त्याच भेटीत मी सहज विचारलं की सिलिंडरचं टोपण झिजलं तर इथं होईल का. दादांनी दाब विचारला. २०० बार ऐकल्यावर हात झटकले. "नाही जी. ते काम मी घेत नाही, अन् कोणी घेतलं तं तुम्ही देऊ नका." तेव्हापासून आमचा नियम ठरला: हवा अडवणारा भाग मूळ कंपनीचा, शरीराला टेकणारा भाग नागपूरचा. गालाखालची लाकडी पट्टीही महालातल्या सुतारकाकांनी घासून दिली, आणि मुलगी म्हणते की आयत्या पट्टीपेक्षा हीच बरी बसते.

भाग घेण्याआधी दहा मीटरचे नियम वाचणं फार गरजेचं आहे. विकणारे हुक असलेली बट प्लेट आणि तळहाताचा टेकू "रायफलसाठी" म्हणून दाखवतात. ते पन्नास मीटरचं सामान आहे, दहा मीटरला चालत नाही. उभ्यानं मारताना स्लिंगही, म्हणजे हाताला अडकवायचा आधाराचा पट्टा, लावता येत नाही. सगळं जोडल्यावर रायफल साडेपाच किलोच्या आत राहिली पाहिजे. स्पेसर आणि पट्टी बसवल्यावर आम्ही रेंजवर वजन करून घेतलं, मगच वजनाचे तुकडे लावायचा विचार केला.

आयरिस पुण्याहून कुरिअरनं आली. मागच्या साइटला साडेनऊ मिलिमीटरचे आटे असतात का, एवढं विचारून घेतलं तर यात फार अडचण नाही. पुढच्या साइटच्या आत बसणाऱ्या कड्या घेताना मात्र एम १८ की एम २२, म्हणजे अठरा मिलिमीटरच्या की बावीसच्या, हे बघावं लागतं. आमची एम १८.

उरले पेलेट. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे इथं कंजुषी चालत नाही. आरडब्ल्यूएस, एच अँड एन आणि जेएसबी अशा तीन कंपन्यांचे, डोक्याच्या मापाप्रमाणे ४.४९ आणि ४.५० चे डबे क्लबमधल्या मुलांनी मिळून मागवले. मेकॅनिकनं रायफल शिकंजात बांधून एकेका डब्यातले दहा-दहा पेलेट मारले. आमच्या नळीला ४.४९ चा एक डबा स्पष्टपणे आवडला; बाजूच्या मुलाच्या, त्याच मॉडेलच्या रायफलला तोच डबा विस्कळीत गेला. आता आम्ही मागणी करताना कंपनी आणि मापाबरोबर डब्यावरचा लॉट (एका वेळी बनलेला माल) क्रमांकही लिहितो आणि त्याच लॉटचे एकदम वर्षभराचे घेतो.

बिलं, भाग क्रमांक, सिलिंडरची तारीख आणि क्लबचं पत्र मी एका पारदर्शक फाइलमध्ये रायफलच्या पेटीतच ठेवते. प्रवासात कोणी विचारलं तर पेटी उघडताना तीच आधी हातात येते. विमानानं जायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवून सिलिंडर रिकामा करून न्यावा लागतो, त्यामुळे स्पर्धेच्या गावी हवा कुठं भरून मिळेल हे निघण्याआधीच विचारून ठेवते. नवा सिलिंडर आता बसला आहे. त्याची मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलं आहे, आणि आठवण एक वर्ष आधीची लावली आहे, कारण भाग यायला तेवढा वेळ सहज जातो.