बद्द आवाज

गाडीच्या चिलखताचं नाव काढलं की लोक सिरॅमिक कुठलं ते विचारतात. चिकटवलं कसं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. आमचं निम्मं आयुष्य मात्र तिथेच जातं.

आमच्या पॅनेलमध्ये ॲल्युमिना या सिरॅमिकच्या षट्कोनी टाइल्स असतात, मागे पोलादी पत्रा आणि टाइल्सच्या मधून-मागून रबर. गोळीचा गाभा फोडायचं काम टाइलचं, उरलेले तुकडे अडवायचं पत्र्याचं. रबरामुळे एका टाइलला बसलेला दणका शेजारणीपर्यंत पोचत नाही. शिवाय गाडी वर्षानुवर्षं खडखडत जाते, तेव्हा टाइल जागच्या जागी धरून ठेवायची असते तीही रबरानेच. ॲल्युमिना दाबाला दांडगं आणि ताणाला भित्रं. मागचा आधार सुटला की टाइल वाकते आणि मागून तडकते.

त्या दिवशीचं पॅनेल उष्ण-थंड चक्रं आणि कंपनचाचणी भोगून आलं होतं. गोळीबाराच्या रेंजवर न्यायच्या आधी लॅबमधल्या काकांनी नेहमीप्रमाणे छोट्या हातोडीने एकेक टाइल वाजवून पाहिली. खालच्या ओळीत थांबले. "सर, ही बद्द वाजतेय."

मी एक्स-रे काढून पाहिला. टाइल अखंड होती. पण एक्स-रेत तडा दिसतो. नुसतं टेकलेलं पण सुटलेलं रबर दिसत नाही. हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी म्हणालो, "काका, रिपोर्ट स्वच्छ आहे." कानाचा रकाना फॉर्ममध्ये नाही, हे एक. आणि रेंजची तारीख पुन्हा मिळवायची तर किती सह्या लागतात, ते मी सांगत बसत नाही.

14.5 मिमीची चिलखतभेदी गोळी, वेग सेकंदाला साधारण 911 मीटर. पहिली अडली. दुसरीही अडली, पण काकांची टाइल, जिला गोळी शिवलीसुद्धा नव्हती, ती अख्खी सुटून वाळूत पडली. तिसरी गोळी ठरल्या आराखड्यानुसार नेमकी त्याच जागी. काही आरपार गेलं का ते कळावं म्हणून मागे लावलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या साक्षी-पत्र्यातून उजेड दिसला.

टाइल उचलून पालथी केली तर पाठ पांढरीशुभ्र. जोड चांगला असेल तर रबर स्वतः फाटतं आणि टाइलला काळं चिकटून राहतं. इथे डागसुद्धा नव्हता.

कारण सापडायला अकरा दिवस गेले. टाइलची पाठ वाळूच्या माऱ्याने खरबरीत केली की धूळ दाबाच्या हवेने उडवतात, मग प्रायमर, म्हणजे रबर नीट धरावं म्हणून द्यायचा पहिला थर. त्या हवेच्या लाइनमधून कॉम्प्रेसरचं तेल येत होतं. फुंकून झालेल्या टाइलवर पाण्याचा थेंब टाकला. पसरायच्या ऐवजी गोळी होऊन बसला. फिल्टर बदलायची मागणी खरेदी विभागाकडे पडून होती. त्यांनी 'तातडीची नाही' असा शेरा मारला होता. सिरॅमिकच्या शुद्धतेवर मात्र तासन्‌तास बैठका!

एक गोष्ट अजून सुटत नाही. त्याच लाइनवर झालेली आधीची दोन पॅनेल्स पास झाली होती. ती का टिकली? फाइल बंद झाली आहे, त्यामुळे ती पुन्हा उघडून मागायला मला कारण द्यावं लागेल.

ती टाइल माझ्या टेबलावर आहे. सुटी वाजवली की खणखणीत वाजते.