येझदीची रेस उतरली! (आणि चोर कार्ब्युरेटर नव्हताच)

उतरली एकदाची माझ्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलची रेस. काल सकाळी साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या वरच्या वळणावर मूठ सोडली आणि इंजिन मुकाट्याने खाली आलं. खात्री पटेना म्हणून बाजूला थांबून पाच वेळा रेस देऊन सोडली. पाचही वेळा उतरली. रस्त्याकडेचा कणीसवाला माझ्याकडे संशयाने बघत होता, बघू दे.

मागचे अपडेट वाचलेल्यांना माहीत आहे की तीन महिने मी जिकॉव्हच्या, म्हणजे तिच्या कार्ब्युरेटरच्या, मानगुटीवर बसलो होतो. थंड असताना गाडी शहाण्यासारखी चालायची. पोवई नाक्यावरून निघून घाट चढून तापली, की मूठ सोडली तरी रेस वरच लटकायची. प्लग पांढराफटक. म्हणजे लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. लीन म्हटल्यावर आपण काय करतो? कार्ब उघडतो. पायलट जेट साफ केला, नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली, फ्लोटची पातळी तीनदा बदलली. मग सगळा दोष ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर ढकलला. इथेनॉलला जास्त पेट्रोल लागतं, मिश्रण लीन पडतं हे खरंच आहे, म्हणून मेन जेट मोठा टाकला. आपल्याच कारखान्यांच्या उसाने आपल्याच गाडीला दगा दिला असं आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरलो. फरक शून्य. उलट खालच्या रेसला गाडी भकभक करायला लागली.

मागच्या रविवारी जुन्या गाडीवाल्यांच्या भेटीत हे सगळं मी रंगवून सांगत होतो. चौदा गाड्या जमल्या होत्या, सांगलीची यामाहा आरडी ३५० पण आली होती (ती सुरू झाली की चहाच्या टपरीवरचं बोलणं बंद). कराडचे काका शांतपणे ऐकत होते. त्यांची जावा साठच्या दशकातली, रंग सोडला तर सगळी मूळची. म्हणाले, "किक मार." मारली. गरम होऊ दिली. मग मला एअर फिल्टर काढायला लावला आणि त्यांनी कार्बच्या तोंडावर तळहात दाबून धरला. निरोगी इंजिन गुदमरून तिथल्या तिथे बंद पडायला हवं. माझं दोन-तीन श्वास तसंच फिरत राहिलं, मग मेलं.

"कार्ब सोड," काका म्हणाले. "तुझ्या गाडीच्या फुप्फुसाला भोक आहे."

टू-स्ट्रोकवाल्यांना वेगळं सांगायला नको. क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो बंद डबा, हेच फुप्फुस; हवा-पेट्रोल आधी तिथेच ओढलं जातं. क्रँकच्या दोन टोकांना दोन सील, डावीकडे क्लच-चेनची बाजू, उजवीकडे जनरेटरची. डावं गेलं तर गिअर ऑइल ओढून पांढरा धूर काढतं. उजवं गेलं तर नुसती हवा ओढतं, धूर नाही, डाग नाही, काही नाही. म्हणून सापडत नाही.

घरी येऊन प्रेशर टेस्ट केली. दोन्ही सायलेन्सरचे पाइप उतरवले, एक्झॉस्टच्या तोंडात सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेली लाकडी बुचं ठोकली, कार्बच्या जागी रबर आणि पत्र्याची पट्टी आवळली. जुना प्लग पोकळ करून त्यात एमसीलने नळी बसवली. पिस्टन अगदी खाली (बीडीसीला), म्हणजे सिलिंडर आणि केस जोडणारे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि हवा केसमध्ये पोचते. आणि पंप म्हणून बाबांचं काट्याचं बीपीचं मशीन! ३०० पर्यंत फुगवलं की साधारण ६ पीएसआय होतात, याहून जास्त द्यायचंही नसतं. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जावाचं बीपी वाढलंय का तुझं?" (टाकीवर येझदी लिहिलंय, गाडी ७६ सालची आहे, नाव ७३ लाच बदललं, पण बाबांसाठी ती मरेपर्यंत जावाच.)

काटा ३०० वरून अर्ध्या मिनिटात शंभराच्या खाली. शाम्पूचा फेस करून ब्रशने सगळीकडे लावला. सिलिंडरच्या बुडाला काही नाही, केसच्या जोडावर काही नाही. जनरेटर काढून उजव्या सीलवर फेस लावला आणि शाफ्टला चिकटून बारीक बारीक बुडबुड्यांची माळ उगवली. इतका आनंद मला दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

पण हे सील मी आठ महिन्यांपूर्वीच नवं टाकलं होतं! काढून बघितलं तर ओठ ठीक, आतली स्प्रिंग जागेवर. ऑनलाइन घेतलेलं स्वस्तातलं होतं, म्हणून आधी त्यालाच शिव्या घातल्या. मग शाफ्टवरून नख फिरवलं. नख अडकलं. पन्नास वर्षं सीलचा ओठ एकाच जागी घासून तिथे चर पडली होती. त्या चरीवर सोन्याचं सील बसवलं तरी गळणारच.

आता खरं औषध म्हणजे इंजिन फोडायचं, क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात न्यायचा, चर भरून ग्राइंड करून घ्यायची. पावसाळ्याच्या तोंडावर माझी हिंमत होईना. काकांना फोन केला. ते म्हणाले, सील पूर्ण आत ठोकू नकोस, दीड मिलीमीटर बाहेर ठेव, ओठ कोऱ्या जागेवर बसेल. खाचेत तेवढी जागा आहे का ते व्हर्नियरने मोजलं. होती! यावेळी व्हायटन रबरचं सील आणलं, महाग पडतं पण इथेनॉलला दाद देत नाही. आधीचं नायट्राइल रबरचं होतं. सील घेताना मटेरियल विचारत चला, दुकानदार वैतागला तरी.

पुन्हा बीपी. ३००. पाच मिनिटांनी २८०. बाबांना दाखवलं, ते म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं आहे."

जिकॉव्हचा जुना मेन जेट परत टाकला, क्लिप परत वर. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. बिचाऱ्या कार्बची तीन महिन्यांची बदनामी झाली, माफी असावी. जाता जाता ऑटो-क्लचचा (गिअर टाकताना आपोआप सुटणारा क्लच) स्क्रूही जमला. काल उतारावर क्लचला हात न लावता गिअर टाकले, एकदाही खडाक नाही. हे सुख यामाहा आरएक्सवाल्यांना कळणार नाही.

जनरेटर बाहेर होताच, तेव्हा १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकून घ्यावं असं फार मनात होतं. भेटीत यावरून जुंपलीच होती. आरडीवाला म्हणतो पॉइंट घासत बसणं म्हणजे हौसेने दाढदुखी पाळणं, काका म्हणतात ६ व्होल्टचा पिवळा दिवा नसेल तर जावा कशाला घ्यायची. मी व्हेप कंपनीची किट कार्टमध्ये टाकून ठेवली होती. आज रात्री ऑर्डर देणार असं लिहायलाच बसलो होतो, पण आता वाटतंय थांबावं. कारण एक गोष्ट अजून सांगितली नाही. काल घाट उतरताना आरशात बारीक पांढरा धूर दिसला. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिलीच आहे, धूर त्याचा नाही वाटत. उजवं भोक बुजल्यावर आता डावं सील बोलायला लागलं असावं. पूर्वी हवा दुसरीकडून येत होती, म्हणून ते गप्प होतं.

तसं निघालं तर दिवाळीत इंजिन फोडणं आलंच. मग क्रँकची दोन्ही टोकं एकदमच उद्यमनगरात करून घेईन, आणि किटचं तेव्हाच बघू. तोवर गिअर ऑइलची पातळी पट्टीवर खूण करून ठेवली आहे, शंभर किलोमीटरनंतर परत बघणार. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डेला कासपर्यंत यायचंच आहे, धूर निघाला तर मला सगळ्यात मागे चालवा. आणि कुणाकडे डाव्या बाजूचं व्हायटनचं सील जादा असेल तर त्या दिवशी खिशात टाकून आणा. बदल्यात कंदी पेढे. बीपी मशीन मात्र उसनं मिळणार नाही, बाबांनी कपाटाला कुलूप लावलंय.