मंदाच्या उजव्या बाजूनं

रविवार रात्र, निगोंबो

श्रीलंकेत पोचलो. विमानतळ कोलंबोचा म्हणतात, पण तो कटुनायकेला आहे आणि तिथून निगोंबो जवळ पडतं, म्हणून पहिला मुक्काम इथेच. खोली स्वच्छ आहे, पंखा चालतो, खिडकीतून खारा वारा येतो. मंदा आडवी झाली आणि झोपलीसुद्धा. दहावीच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर बसून दोघींनी ठरवलं होतं की एकदा कुठेतरी लांब जायचं, दोघींनीच. त्याला बेचाळीस वर्षं झाली.

सोमवार, निगोंबो ते दंबुल्ला

सकाळी किनाऱ्यावर गेलो. काथ्याच्या लांबच लांब चटयांवर मासळी सुकत घातलेली, बायका एकेक मासा हातानं उलटत होत्या. वास तोच, आमच्या मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा. मंदा डोळे मिटून उभी राहिली.

न्याहारीला इंदिआप्पा, म्हणजे आपले शिरवाळे. पण आपण नारळाच्या गोड रसात बुडवतो, इथे त्याबरोबर मसुराची पातळ डाळ आणि पोल सांबोल. ओलं खोबरं, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू, सगळं पाट्यावर रगडलेलं. मी दोनदा मागून घेतलं. तिसऱ्या घासाला मंदा हळूच म्हणाली, "सोमवार आसा गो आज." सांबोलात उंबलकड असतं, मालदीवचा सुकवलेला मासा. वाफवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक करतात आणि मग त्याचा चुरा घालतात. तिनं चवीवरून ओळखलं होतं. मी ताट बाजूला सारलं. घरमालकीण कावरीबावरी झाली, आत जाऊन दुसरं, नुसत्या खोबऱ्याचं वाटून घेऊन आली. माझे सोमवार लग्नाआधीपासूनचे आहेत. आजचा मोडला असं मी धरत नाही, देवाला ठाऊक आहे.

संध्याकाळी दंबुल्लाला जे झालं ते लिहिताना अजून हात थरथरतो. रस्त्याच्या कडेनं चाललो होतो, मंदा दोन पावलं पुढे. मागून रिक्षा आली. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. रिक्षावाला ओरडला, "अक्का! अक्का!" सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आपल्यासारखंच. मंदानं मान वळवली नाही, चालत राहिली. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं. रिक्षा तिच्या पदराला घासून गेली.

खोलीवर आल्यावर ती बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून होती. मग म्हणाली, "माका आयकाक येणा नाय." डावा कान दोन वर्षांपासून गेलाय, उजवा अर्धा उरलाय. मशीन घेतलंय, ते पर्समध्ये डबीत आहे. लावलं की भांड्याचा आवाज डोक्यात दगड पडल्यासारखा होतो, माणसाचा आवाज मात्र लांबच राहतो. म्हणून लावत नाही. घरी कुणाला धड माहीत नाही.

दोन वर्षं. या दोन वर्षांत मी मनात काय काय धरून ठेवलं होतं! दर रविवारचे आमचे फोन बंद झाले. मी केला तर ती "हो, हो" म्हणून दोन मिनिटांत ठेवून द्यायची. नंतर नुसते मेसेज. मला वाटलं नातवंडांत रमली, आता हिला माझी गरज उरली नाही. माझी आई गेली तेव्हाही तिचा फोन आला नाही, त्याचा मला फार राग आला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती ठाण्याला माझ्या दारात उभी होती, मालवणहून रात्रभर गाडीत बसून आलेली. बोलली काहीच नाही, चार दिवस माझ्याबरोबर राहिली आणि गेली. तेव्हासुद्धा मनात म्हटलं होतं, एक फोन करता आला नाही का हिला.

आज कळलं, नव्हताच करता येत.

मंगळवार, सिगिरिया

मंदाच्या उजव्या बाजूनं चालायचं, हे आता ठरलं.

सिगिरियाचा खडक सपाट रानातून एकदम वर उठलेला आहे. पाचव्या शतकात कश्यप राजानं बापाला मारून गादी घेतली आणि भावाच्या भीतीनं या खडकावर राजवाडा बांधला. त्याचं राज्य ४७७ ते ४९५, जेमतेम अठरा वर्षं. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मंदाचे गुडघे चांगले आहेत, दम मलाच जास्त लागला.

वाटेत पाट्या आहेत, बोलू नका. कड्याला मधमाश्यांची मोठाली पोळी आहेत, गोंगाट झाला की त्या उठतात. त्यामुळे शेदोनशे माणसं चढत होती आणि सगळी गप्प. कुणाला काही सांगायचं असलं तर हातानं सांगायचं, बोट दाखवायचं, भुवया उडवायच्या. मंदाला यातलं सगळं येतं. एका जपानी आजींना तिनं खुणेनं विचारलं, पाणी हवं का, त्यांनी खुणेनंच आभार मानले. सकाळपासून तिच्या कपाळावर जी आठी होती ती त्या पायऱ्यांवर गेली.

चित्रांतल्या बायका मी आधी फोटोत पाहिल्या होत्या, फुलं घेतलेल्या, ढगांतून अर्ध्या वर आलेल्या. पण मला जास्त आवडली ती खालची आरशाची भिंत. एके काळी इतकी गुळगुळीत होती की माणूस त्यात दिसायचा, म्हणून आरसा. हजार-बाराशे वर्षांपूर्वी हा खडक बघायला आलेल्या लोकांनी तिच्यावर बारीक अक्षरांत कविता कोरल्यात, वरच्या बायकांना उद्देशून. सेनारत परणवितान या विद्वानांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ साली छापल्या. प्रवासाला गेलेल्या माणसाला लिहावंसं वाटतं, ही फार जुनी गोष्ट आहे.

वरून रान, तळी, पुन्हा रान. आम्ही तासभर बसलो.

बुधवार, कँडी

दिवस प्रवासात गेला. संध्याकाळच्या पूजेला श्री दळदा मालिगावा, म्हणजे बुद्धाच्या दाताचं देऊळ. दात दिसत नाही, सोन्याच्या करंडकात असतो, आणि तो करंडकही रांगेत सरकता सरकता क्षणभर दिसतो. माणसं पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं, निळी कमळं, चाफा. चाफ्याचा वास इतका, की डोळे मिटले असते तर मी आमच्या देवळाच्या आवारात आहे असंच वाटलं असतं.

खालच्या मंडपात वाजवणारे उभे होते, उघड्या अंगानं, कमरेला पांढरं वस्त्र आणि लाल पट्टा. आडवा दवुल, जोडीचा तम्मट्टम आणि आपल्या सनईसारखं होरणेव. सुरू झालं तसं मंदानं माझा हात घट्ट धरला. मग सोडला आणि शेजारच्या खांबावर दोन्ही तळवे टेकवले. तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं एक तळवा छातीवर नेला. दवुलची थाप पडली की तिची बोटं हलायची, एकही थाप चुकली नाही. शेजारच्या एका बाईंनी ते पाहिलं आणि आपल्या मुलीला जरा मागे घेतलं, मंदाला खांबाशी जागा मिळावी म्हणून.

बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळा आयकलंय."

गुरुवार, कँडी ते एल्ला, गाडीत

सहा-सात तासांचा प्रवास. आरक्षण मिळालं नव्हतं, दुसऱ्या वर्गात चढलो, दोन स्टेशनांनंतर बसायला जागा मिळाली. खिडक्या उघड्या. हॅटनपासून पुढे चहाच चहा. आधी इथे कॉफी होती. १८६९च्या सुमारास तांबेरा पडला आणि पुढच्या काही वर्षांत मळे संपले, मग चहा आला. जेम्स टेलरनं पहिला मळा १८६७ साली लूलकंदुराला लावला होता. पण पाठीवर पोतं टाकून उतारावर जी माणसं दिसतात ती तमिळ, इंग्रजांनी तमिळनाडूतून आणलेल्यांच्या पुढच्या पिढ्या. १९४८ साली देश स्वतंत्र झाला आणि त्यातल्या बहुतेकांना नागरिकत्वच नाकारलं. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानं काही लाख माणसं दोन देशांत वाटून घेतली. त्यांना कुठे जायचं ते कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. हिरव्या उतारावरचा फोटो काढायला मी मोबाइल वर केला होता, तो खाली घेतला.

"वडे, वडे, वडे!" करत विकणारा आला. आपलाच शब्द! डाळीचे वडे, वर अख्खी कोळंबी. पुडीचा कागद शाळेच्या वहीतला, त्यावर कुणा मुलाची बेरीज-वजाबाकी, बाईंचं लाल शाईतलं बरोबर. मंदानं तो नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, मशीनच्या डबीशेजारी.

समोर एक मुलगी बसली होती, सातआठ वर्षांची, आईबरोबर. तिनं मंदाकडे बघून बोटं मोजायला सुरुवात केली, तिला शिकवायचंच होतं. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. आवाज मंदाला पोचत नव्हता, ती ओठांकडे बघत होती. दुसऱ्यांदा म्हणताना ती मुलीबरोबर म्हणू लागली. शेवटी मला म्हणाली, "अगं, दहय! दहा!" हिंदीत दस, आपण दहा, हे लोक दहय. मधे तेलुगू, कन्नड, तमिळ, सगळा वेगळ्या भाषांचा मुलूख, मग समुद्र, आणि त्याच्या पलीकडे पुन्हा आपला दहा. एवढे दिवस मी सिंहली ऐकत होते, मला ते सुचलं नाही. ऐकू न येणाऱ्या बाईनं ओठांवरून पकडलं.

खरं सांगायचं तर या देशात मलाही काही कळत नाही. दुकानदार काय बोलतो, गाडीतली माणसं कशाला हसतात, मीही चेहऱ्यांवरूनच ताडते. मंदाला घरी रोज असं होतं. इथे निदान आम्ही दोघी सारख्या.

पट्टिपोळ हे सगळ्यात उंचावरचं स्टेशन, १९०० मीटरच्या आसपास. थंडी वाजली. बोगदा आला की डब्यातली सगळी मुलं किंचाळतात, आम्ही खंडाळ्याच्या घाटात किंचाळायचो तशीच. मंदानं त्या मुलीचं तोंड उघडलेलं पाहिलं आणि तीही ओरडली. खूप मोठ्यानं. मग मीही.

शुक्रवार, एल्ला

नवम पोया, आपली माघी पौर्णिमा. इथे दर पौर्णिमेला सुट्टी असते, दारू बंद, मांसाची दुकानं बंद. नऊ कमानींचा पूल पाहिला, १९२१चा, दगड-विटांचा. गर्दी फार. दुपारी मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला त्याची पानं लावतात, इथे त्याचा रस काढून आटवतात. धुराचा थोडा वास असतो तिला. मंदानं एक बाटली घेतली.

शनिवार, गॉल

बस, सहा तास, पाठ दुखली.

घराच्या मालकांनी २०२२चं सांगितलं: पेट्रोलसाठी दोन दोन दिवस रांगेत, गॅस नाही म्हणून अंगणात चूल. तेव्हा भारतातून डिझेल आणि औषधं आली ते त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं, जणू ती आम्हीच पाठवली होती.

रविवार, गॉल

किल्ला पोर्तुगीजांचा, पण आजचा भक्कम तट डचांचा, १६६३ पासून बांधलेला. मंदा इतिहास शिकवायची, तिनं लगेच हिशेब केला: सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू झालं. दोन किनाऱ्यांवर एकाच वेळी दगड घडवत होते. २००४च्या सुनामीत बाहेरचं गाव वाहून गेलं, तटाच्या आतलं बरंचसं वाचलं.

संध्याकाळी दीपस्तंभाजवळ तटावर बसलो. पाय बाहेर सोडलेले, खाली खडक. इथले लोक पतंग उडवत होते, एक नवरा-नवरी फोटो काढत होते. मी उजव्या बाजूला. मंदा बराच वेळ पाण्याकडे बघत होती, मग कानाजवळचे केस मागे सारून म्हणाली, "आवाज कसो येता गो?"

मी म्हटलं, सिंधुदुर्गाच्या तटाखाली येतो तसा.

"खयच्या म्हयन्यातलो?"

सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. आठ दिवसांत मीही तो नीट ऐकला नव्हता. डोळे मिटले. लाट येत होती, खडकात शिरत होती, आत कुठेतरी फुटून खळखळत मागे जात होती. मधे बरीच उसंत होती. आषाढातला नव्हता, तो सलग येतो. वैशाखातलाही नव्हता.

"नारळी पुनवेनंतरचो," मी तिच्या कानाशी म्हटलं. "होड्या पाण्यात घालतत तेव्हाचो."

तिनं मान हलवली आणि शेंगदाण्यांची पुडी सोडली.