पोकरची वही: निदान, पाऊस आणि कापड

टेबल सोलापुरातलं, नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाकडे दोन झाकलेले पत्ते, बोर्डवर पाच सामायिक, लावायला मर्यादा नाही), चिप्स फक्त मोजायला. पैसा नाही. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांवरचं ऑनलाइन पोकर बंद झालं आणि सराव घरच्या टेबलावर आला. पैसा नसल्याचा मोठा फायदा म्हणजे डाव संपला की सगळ्यांचे पत्ते उघडे करता येतात, फोल्ड केलेले (मध्येच सोडून दिलेले) सुद्धा. खालचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

या टप्प्यात पोकरवरचं वाचन पूर्ण थांबवलं. त्याऐवजी वैद्यकीय निदान, हवामानाचे अंदाज, कापड गिरणीतलं गुणवत्ता नियंत्रण. बी.एस्सी.ची संख्याशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तकं यासाठी पुरतात. कसोटी एकच: वाचलेल्यातून वहीत नवा रकाना निघाला पाहिजे. नाही निघाला, तर ते वाचन चांगलं असेल, पण खेळाच्या कामाचं नाही.

निदान. हजार माणसांत दहा आजारी. चाचणी आजारी दहांपैकी नऊ पकडते, पण निरोगी माणसांतल्या नऊ टक्क्यांनाही आजारी ठरवते. म्हणजे 9 खरे आणि सुमारे 89 खोटे. चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तरी आजार असण्याची शक्यता जेमतेम 9 टक्के. रिव्हरवर (पाचवा, शेवटचा सामायिक पत्ता उघडल्यावर) रेज आला (समोरच्याने लावलेली रक्कम वाढवली) की आपण नेमके इथेच घसरतो. रेजकडे बघतो, पण मुळात कोणते हात किती होते ते मोजत नाही.

एक डाव असा: आपल्या हातात चौकटचे एक्का-राजा. बोर्डवर इस्पिक राजा, बदाम नव्वी, चौकट चव्वी, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) 400, आपण 200 लावले, समोरच्याने 600 केले. आणखी 400 घालायचे, शेवटचा पॉट 1600, म्हणजे 25 टक्के वेळा तरी जिंकायला हवं.

आता आपल्याला हरवणाऱ्या हातांची मोजणी. या बोर्डवर स्ट्रेट (सलग पाच पत्ते) होत नाही, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच) तर नाहीच. नव्वी, सत्ती आणि चव्वीचे सेट (हातातली जोडी आणि बोर्डवरचा तिसरा) प्रत्येकी 3 कॉम्बो (पत्त्यांच्या शक्य जुळण्या), एकूण 9. राजा-नव्वी सुटेड (एकाच चिन्हाची) फक्त किलवरची उरते (चौकटचा राजा आपल्याकडे, इस्पिकचा राजा आणि बदामची नव्वी बोर्डवर), तो 1. तीन राजे धरायचे नाहीत, कारण राजांची जोडी असती तर प्रीफ्लॉपलाच (सामायिक पत्ते उघडण्याआधी) री-रेज आला असता. दुर्रीची जोडी टर्नपर्यंत (चौथ्या सामायिक पत्त्यापर्यंत) टिकलीच नसती. एकूण 10. फसलेले ड्रॉ (स्ट्रेटची वाट पाहून तो न झालेले हात) असे: गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-छक्की, छक्की-पंजी, सगळे सुटेड, प्रत्येकी 4, मिळून 16.

10 विरुद्ध 16 बघून कॉल करणं (रेजइतक्या चिप्स भरून खेळात राहणं) ही नेहमीची चूक. सेटवाला इथे जवळजवळ दरवेळी रेज करतो, फसलेला ड्रॉवाला क्वचित. चारातून एकदा करत असेल तर 16 चे 4 उरतात: 14 पैकी 4, साडेअठ्ठावीस टक्के, कॉल. आठातून एकदा करत असेल तर 12 पैकी 2, सतरा टक्के, फोल्ड. सीमा साधारण पाचातून एकदा इथे पडते. सगळा निर्णय या एका आकड्यावर येऊन थांबतो, म्हणून वहीत त्याला खेळाडूवार स्वतंत्र रकाना. घरगुती टेबलावर रिव्हरच्या रेजमध्ये ब्लफ (कमजोर हातावर दिलेली हूल) फार कमी असतात. उघड्या पत्त्यांवरून हे पुन्हा पुन्हा दिसतं आणि तरीही मन तो आकडा वर ओढत राहतं.

पाऊस. 'पावसाची शक्यता 30 टक्के' म्हटलं आणि थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला का? पर्जन्यछायेतल्या सोलापूरकराला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेचे हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये यावर सोपं माप दिलं: सांगितलेली शक्यता वजा जे घडलं ते (घडलं तर 1, नाही तर 0), त्याचा वर्ग, आणि सगळ्यांची सरासरी. जितकी कमी तितकं चांगलं.

टेबलावर असं करायचं: रिव्हरला मोठी बेट (समोरच्याने लावलेल्या चिप्स) आली की निर्णयाआधी चिठ्ठीवर आकडा लिहायचा, 'ब्लफ 30'. ब्लफ निघाला तर 0.49, नाही तर 0.09. डोळे मिटून दरवेळी 50 लिहिणाऱ्याला 0.25 मिळतात, त्यामुळे 0.20 आले की बरं वाटतं. ते फसवं आहे. ब्लफ मुळात 20 टक्केच असतील, तर दरवेळी 20 लिहिणाऱ्यालाही 0.16 मिळतात. खरी स्पर्धा त्या 0.16 शी.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, फक्त शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवण्यापर्यंत) गेलेले डाव मोजले तर नोंद वाकडी होते, कारण यशस्वी ब्लफ त्यात येतच नाहीत. म्हणून फोल्डही उघडायचे. दोन, घाई. '30'च्या गटात 20 नोंदी असतील तर 6 ब्लफ अपेक्षित, पण 4 ते 8 सहज येतात. तेवढ्यावर अंदाज बदलू नये.

कापड. ठरावीक लांबीच्या कापडात किती दोष निघाले, तुटलेला उभा धागा, सुटलेला आडवा धागा, हे मोजून तक्ता भरायची पद्धत. मूळ कल्पना अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांची, 1924 ची. सोलापुरात जुनी टेक्स्टाइलची पुस्तकं मिळायला अडचण नाही.

चिप्सच्या बेरजेतून कौशल्य दिसत नाही. नशिबाचे चढउतार फार मोठे. म्हणून कापडातल्या दोषांसारख्या चुका मोजायच्या. चूक कोणती ते आधी लिहून ठेवायचं: पॉट ऑड्स (वरच्या 25 टक्क्यांसारखा हिशोब) न काढता कॉल, रेंज (समोरच्याचे शक्य हात) न लिहिता रिव्हरचा निर्णय, पोझिशन (इतरांनंतर निर्णय घेण्याची जागा) नसताना कमकुवत हात खेळणं. डाव दर वेळी तेवढेच, 50. हाताने पिसून तासाला 25-30 डाव होतात, म्हणजे दोन तासांची बैठक. चुकांची सरासरी 4 असेल तर वरची मर्यादा 4 + 3 × √4 = 10. सात चुका झाल्या तरी नेहमीचीच हालचाल, खेळ बदलायचा नाही. अकरा झाल्या तर कारण शोधायचं, आणि ते बहुधा एकाच हरलेल्या मोठ्या पॉटनंतर सापडतं: पुढच्या दहा डावांत चुका गोळा झालेल्या असतात. सलग आठ बैठका सरासरीच्या खाली आल्या, की सुधारणा खरी धरायला हरकत नाही. मर्यादा मात्र वीसेक बैठकांआधी पक्की धरू नये.

देहबोलीवरचं वाचन वगळलं. खोटं ओळखण्यावरच्या अभ्यासांचा मानसशास्त्रज्ञ बाँड आणि डीपाऊलो यांनी 2006 मध्ये एकत्र आढावा घेतला, त्यात माणसांची अचूकता सरासरी 54 टक्के निघाली. नाणं उडवण्यापेक्षा जराशी बरी. त्यातून रकाना निघत नाही.

पुढचं वाचन नमुना निवडीचं. खेळाडूवार ब्लफचा आकडा काढायला एकेकाच्या नोंदी फार थोड्या पडतात; अशा वेळी त्याच्या आकड्यात पूर्ण टेबलाची सरासरी किती मिसळायची, हे तिथून घ्यायचंय. तोवर नव्या खेळाडूसाठी टेबलाचीच सरासरी वापरायची.