तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी मोठी की गोळ्या जास्त?

डॅलसच्या बाजूला आमचं किराण्याचं दुकान आहे. रात्री गल्ला मोजून, दिवे घालवून गाडीपर्यंत जाताना माझ्या कमरेला पिस्तूल असतं. ओळखीच्या मराठी घरांमध्ये हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यामुळे हळदीकुंकवाला म्हणा, मुलांच्या ग्रॅज्युएशनला म्हणा, कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच: "ताई, पहिलं पिस्तूल घ्यायचंय. नाइन एमएम घेऊ की .४५? गोळी मोठी असलेली बरी की गोळ्या जास्त असलेल्या?" हातात वाटीतली डाळ घेऊन उभ्या उभ्या देण्यासारखं हे उत्तर नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले.

आधी कायद्याचं. एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक घेता येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. ग्रीनकार्डवाल्यांना येते. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांपुढच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं, तरी परवान्याचा वर्ग कराच असं मी सांगेन. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलात गोळ्या भरायच्या डबीत, १० पेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत, म्हणजे तिथे अर्धा वाद कायद्यानेच मिटवलाय.

आता कॅलिबर. .४५ म्हणजे गोळीचा व्यास इंचाच्या शंभरातले ४५ भाग, साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. नाइन एमएम नावाप्रमाणे नऊ. फरक जेमतेम अडीच मिलिमीटरचा. वजन मात्र इथे ग्रेनमध्ये सांगतात आणि नवख्या माणसाला त्यातून काहीच बोध होत नाही. मी सराफाच्या घरातली मुलगी. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. .४० कॅलिबरची नेहमीची गोळी १८० ग्रेनची, म्हणजे एक तोळा. .४५ ची २३० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याच्या किंचित वर जाते आणि नाइन एमएमची १२४ ग्रेनवाली पाऊण तोळाही भरत नाही. पहिल्यांदा दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या, तेव्हा .४५ चं वजन मला तिथेच जाणवलं होतं. माणसाला ती का आवडते तेही कळलं.

या वादाचं मूळ ११ एप्रिल १९८६ ला मायामीत आहे. एफबीआयचे आठ एजंट आणि बँका लुटणारे दोघे यांच्यात भर रस्त्यात गोळीबार झाला. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. लुटारूंपैकी एकाला सुरुवातीलाच नाइन एमएमची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. एफबीआयने त्या गोळीला दोष दिला, आधी १० एमएमकडे वळले, तिचा धक्का बऱ्याच जणांना झेपेना, आणि १९९० मध्ये त्यातूनच .४० बाजारात आली. पुढची पंचवीसएक वर्षं अमेरिकेतले पोलीस ती वापरत होते.

पण त्याच दिवशी तिथे आणखी एक गोष्ट घडली. बहुतेक एजंटांकडे रिव्हॉल्व्हर होती, फिरत्या चक्रात पाच-सहाच गोळ्या मावणारी. त्यांतल्या एकाच्या हाताला गोळी लागली आणि रिकामं रिव्हॉल्व्हर त्याला पुन्हा भरताच आलं नाही. एकाच घटनेत दोन धडे होते: एक गोळी पुरेशी आत गेली नाही, आणि एका माणसाच्या गोळ्या संपल्या. लोकांनी पहिला धडा चाळीस वर्षं घोकला. मला दुसरा जास्त जवळचा वाटतो, कारण माझाही हात एकदा मोडलाय.

पहिल्या धड्यावर कारखान्यांनी खूप काम केलं. मायामीनंतर एफबीआयने कसोटी घालून दिली: शरीराऐवजी घेतलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच गेली पाहिजे, १८ च्या पुढे नको. पिस्तुलाच्या गोळीला रायफलीसारखा वेग नसतो. ती जेवढं भोक पाडते तेवढंच तिचं काम. आजची चांगली हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ असलेली, नाइन एमएम आत गेल्यावर उमलते आणि हे अंतरही गाठते. .४५ थोडं मोठं भोक पाडते, हे खरंच आहे. पण तो फरक इतका लहान झालाय की खुद्द एफबीआय गेल्या दशकात नाइन एमएमवर परत आली.

दुसऱ्या धड्यासाठी एक आकडा ध्यानात ठेवा. न्यूयॉर्क पोलिसांच्या नेमबाजीचा रँड संस्थेने अभ्यास केला होता. १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या शंभरातल्या १८ गोळ्या लागल्या. ही प्रशिक्षित माणसं! त्याच हिशेबाने सहा गोळ्यांतली एक लागेल, अकरांतल्या दोन. म्हणून मी गोळ्यांच्या बाजूने झुकते. तीस गोळ्या हव्यात असं मात्र मला वाटत नाही. पाच-सहावरून दहा-अकरावर जाण्याने फार फरक पडतो, त्यापुढे तो कमी कमी होत जातो.

माझं म्हणाल तर, काही वर्षांपूर्वी दुकानामागे एकाने पर्स ओढली, मी पडले आणि उजव्या मनगटात प्लेट बसली. त्यानंतर पिस्तूल घ्यायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आखूड नळीचं .४५ पुढे केलं. रेंजवर सात यार्डांवर कागदी ताटली लावली. .४५ च्या सहा गोळ्यांतल्या दोन ताटलीत, बाकीच्या खाली डावीकडे. चौथ्या गोळीपासून मी बार उडायच्या आधीच मनगट आवळत होते. मग नाइन एमएमने दहा झाडल्या. नऊ ताटलीत! ती ताटली मी घडी घालून घरी आणली, अजून कपाटात आहे.

शिवाय .४५ च्या गोळ्या महाग. महाग गोळ्यांनी सराव कमी होतो, आणि सरावाची जागा कुठलंच कॅलिबर घेत नाही.

शेवटी मी सिग पी३६५ घेतलं. २०१८ साली ते आलं, तेव्हा एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, अकरावी, हे नवलच होतं. त्याआधी या मापात सहा-सातच मिळायच्या. रिकामं असताना वजन अर्धा किलो. जीन्सवर कुर्ता घातला की कुणाला कळत नाही. पंजाबी ड्रेसला पट्टा नसतो, त्या दिवशी बेली बँड, म्हणजे पोटाला बांधायचा रुंद पट्टा. साडीत मात्र मी बाळगत नाही, चटकन हाताशी येत नाही म्हणून. आमच्या गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो आणि शाळेत पिस्तूल नेणं गुन्हा आहे, त्या दिवशी ते घरच्या तिजोरीत राहतं.

माझ्या एका मैत्रिणीला संधिवात आहे, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढताच येईना. तिला .३८० चं शील्ड ईझेड घ्यायला लावलं, आठ गोळ्यांचं. गोळी नाइन एमएमहून हलकी, पण ती तिच्या हातून नेमकी जाते. तिच्यासाठी तेच बरोबर आहे. कुणी तिला हिणवलं की मला राग येतो.

आणि एक, जे मला कुणीच विचारत नाही. शंभरातल्या ज्या ८२ लागत नाहीत, त्या कुठेतरी जातातच. इथली घरं लाकडाची आणि ड्रायवॉलच्या, म्हणजे प्लास्टरच्या पातळ पाट्यांच्या, भिंतींची. नाइन एमएम काय, .४५ काय, अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. आमच्या बेडरूमच्या पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे, जेमतेम दहा फुटांवर शेजारच्या मुलीचा पलंग आहे. पिस्तूल घरी आणलं त्या रात्री मी आणि नवरा टॉर्च घेऊन घरभर फिरलो आणि कुठल्या दिशेला कधीच गोळी झाडायची नाही ते ठरवलं. पूर्वेची भिंत त्यात पहिली. तुम्हीही दुकानात जायच्या आधी एकदा घरभर फिरा आणि कुठल्या भिंतीपलीकडे कोण झोपतं ते बघून ठेवा.