तीन मिलिमीटर कुणाचे?

जानेवारीत ग्वाल्हेरला हर्टेल, म्हणजे डोळा खोबणीतून किती पुढे आहे ते मोजायचं यंत्र, वापरायचं तर आधी ते दोन मिनिटं तळहातात धरून शेकावं लागतं. नाहीतर थंडगार धातू डोळ्याच्या कडेच्या हाडाला टेकला की पेशंट डोळे गच्च मिटतो आणि माप बोंबलतं. 1905 पासून हे यंत्र आहे, पण शेकायची सोय काही कुणी केलेली नाही.

इथल्या चिटणीस की गोठ या मोहल्ल्यातले एक काका आले होते. म्हणजे काकूंनी आणलं होतं.

"ह्यांचा डावा डोळा बाहेर येतोय गं. सगळे म्हणाले थायरॉईड, पण रिपोर्ट तर नॉर्मल आलाय." थायरॉईड नाही म्हणजे गाठच, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलेलं. रक्ताचा रिपोर्ट चांगला असूनही थायरॉईडमुळे डोळे पुढे येऊ शकतात, म्हणून मी काहीच न बोलता मापायला बसले.

दोन्ही टेकू हाडांच्या खाचांत बसवले, मधलं अंतर 101 लिहून ठेवलं. हे लिहिलं नाही तर पुढच्या वेळचं माप फुकट. आरशातल्या लाल रेषा एकावर एक आणल्या आणि बुबुळाचं टोक कुठे येतं ते वाचलं. उजवा 14, डावा 17. साधारण 12 ते 21 चालतं, पण दोन डोळ्यांत 2 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडून देता येत नाही. कागदावर लिहिलं, 'डावा डोळा 3 मिमी पुढे.'

लिहिलं आणि हात थबकला. यंत्राने फक्त फरक सांगितला होता. 'पुढे' हा शब्द माझा, खरं तर काकूंचा.

पुन्हा नीट पाहिलं. उजव्या पापणीच्या वर खळगा पडला होता, डावीकडे नव्हता.

"काका, कधी मार लागला होता?"

"छे!"

"अहो, दिवाळीआधी उरवाई गेटच्या उतारावर स्कूटर घसरली नव्हती का?"

"ते काय लागणं! गाल सुजला, आठ दिवसांत उतरला."

"उजव्या गालाला हात लावलेला कळतो?"

काका जरा ओशाळले. "दाढी करताना ब्लेड लागलं तरी कळत नाही. वाटलं, थंडीने असेल."

गालाची नस डोळ्याखालच्या पातळ हाडातूनच जाते. तेवढं ऐकल्यावर मी उठून डॉक्टर सरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन आला: उजव्या खोबणीचा तळ फुटून चरबी खालच्या सायनसमध्ये उतरली होती. सूज होती तोवर डोळा जागेवर वाटला, ती ओसरल्यावर मागे गेला.

मी आदल्या दिवशीची ओळ खोडून 'उजवा 3 मिमी मागे' असं लिहिलं.

"म्हणजे डाव्याला काहीच नाही?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू."

"अगं, दीड महिना मी त्यातच थेंब घालत्येय!"