मागच्या मडगार्डची कड

लंडनमध्ये माझे काम असे आहे, की जुन्या काळावरील ब्रिटिश मालिकांचे चित्रीकरण प्रसारणापूर्वी पाहायचे आणि त्यांतली प्रत्येक मोटार कथेतल्या सालाशी जुळते की नाही, हे लिहून द्यायचे. गेल्या हिवाळ्यात एक दृश्य आले, त्यात कथेचा काळ होता नोव्हेंबर १९५५.

बहुतेक गाड्यांना फारसा वेळ लागला नाही. पोलिसांच्या वुल्सली सिक्स-एटीचे उत्पादन १९५४ मध्ये थांबले असले, तरी त्या पुढेही वापरात होत्या. मॉरिस मायनरची पुढची काच मधल्या पट्टीने दुभागलेली होती. ती १९५६ मध्ये अखंड झाली, म्हणून तिलाही हरकत नव्हती. नंबरपाट्याही त्या काळच्या रीतीप्रमाणे काळ्या होत्या.

मी अडले ती दुधाच्या गाडीमागे अर्धवट झाकलेल्या एका करड्या गाडीपाशी. यादीत तिची नोंद ‘मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज टू’ अशी होती, आणि ती १९५४ मध्ये आलेली असल्यामुळे कागदावर सारे ठीक होते. पडद्यावर मात्र दिसत होते ते केवळ मागचे एक मडगार्ड, तेही जेमतेम दोन सेकंद. त्याची वरची कड दिव्यापाशी पंखासारखी किंचित उठलेली होती आणि ती पाहताच मला सांगलीतले वडिलांचे गॅरेज आठवले. दसऱ्याला अ‍ॅम्बेसेडर धुऊन-पुसून झाली, की डिकीवरून झेंडूची माळ नेऊन तिची दोन टोके याच कडांवर टेकवण्याचे काम माझ्याकडे असे.

उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिलेली आपली अ‍ॅम्बेसेडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डच्या सिरीज थ्रीवरून घेतलेली, तर तिच्या आधीची लँडमास्टर सिरीज टूवरून. सिरीज थ्री इंग्लंडात आली १९५६ मध्ये. म्हणजे माझ्यापुढचा प्रश्न लँडमास्टर आणि अ‍ॅम्बेसेडर ओळखण्याचाच होता, आणि त्या दोन्ही गाड्या वडिलांनी उभा जन्म दुरुस्त केल्या होत्या. चित्र बाहेर पाठवण्याची परवानगी नसल्यामुळे मी त्यांना फोन करून वर्णन सांगितले.

“कड हाताला लागेल अशी आहे का गं?” त्यांनी विचारले.

“हो, बाबा.”

“मग ती लँडमास्टर नव्हे. लँडमास्टरचा मागचा भाग गोल उतरतो. त्यावर माळ ठेवली की घसरते.”

मी गाडीच्या मालकाकडून बॉनेटचे छायाचित्र मागवले. त्यावर दोन्ही बाजूंना लांब खोबणी स्पष्ट दिसत होती, आणि ही सिरीज थ्रीचीच खूण. दोन सेकंदांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे एका सहकाऱ्याने म्हटले, तेव्हा मी त्याला सांगितले, की ज्यांच्या घरी १९५५ साली सिरीज टू होती अशी माणसे आजही ही मालिका पाहतात, आणि लहानपणी जी गाडी हाताने पुसली, तिचा आकार हात विसरत नाही. हे मी स्वतःवरून सांगत होते. त्याने पुन्हा एकदा ते दोन सेकंद पाहिले आणि दुरुस्तीच्या कागदावर सही केली.

दृश्य पुन्हा चित्रित करणे शक्य नव्हते, म्हणून ती कड संगणकावर चौकटीगणिक पुसून काढण्यात आली. प्रसारणाच्या रात्री मी वडिलांना फोनवर घेऊन बसले होते. दुधाची गाडी पुढे सरकली, आणि तिच्यामागचे करडे मडगार्ड गोल उतरत गेलेले दिसले.